कान कमी झाले म्हणून स्पीकर विकू नका

गेल्या अंकात मी माझ्या कानांबद्दल लिहिलं होतं. इचलकरंजीत मागांच्या खटखटाटात २२ वर्षं काढली, ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या उंचीचं माप) आसपास दोन्ही कानांत मोठा खड्डा पडलाय, ११ वर्षं कानाचं मशीन लावतोय आणि तरी रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तासभर स्पीकरसमोर बसतो, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. सगळ्यांना उत्तर देता आलेलं नाही, राहिलेल्यांना पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दोन खोल्यांत टेपरेकॉर्डरवर भागवलं. निवृत्तीच्या पैशातून उभे मोठे स्पीकर, अ‍ॅम्प आणि रेकॉर्ड प्लेयर घेतला आणि आता कानच साथ देईनात. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कान तपासल्याच्या कागदावर (आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं), १००० हर्ट्झपर्यंत २०-२५ डेसिबल आहे, २००० ला ४५, ४००० ला ६५ आणि ८००० ला ७५. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. मुलगा म्हणतो विकून टाका. विकू का? (पुणे)

उत्तर: नका विकू. हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाहीये, तुमच्याच ऑडिओग्रामवरून म्हणतोय, तो कागद समोर घेऊन बसा.

काळी एक मध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झला असतो. तार सा २७७, आणि तार पंचमाला जाऊन उभा राहिला तरी ४१५. काळी पाच मध्ये गाणाऱ्या बाईचा सा २३३ आणि तार पंचम ७०० च्या आत. म्हणजे ख्यालाची सगळी बढत, मींड, गमक, ताना, यांचे मूळ स्वर १००० च्या खाली आहेत आणि तिथं तुमचा कान जवळजवळ शाबूत आहे. सुरातला बारीकसा उतार-चढाव तुम्हाला अजून पकडता येतो, येतोच, तुम्ही फक्त 'कान गेले' या धसक्यानं तिकडं लक्ष द्यायचं थांबवलंय असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

गेलंय ते वरचं. तबल्याच्या चाटेवरच्या 'ना'ची धार, तानपुऱ्याची झिणझिण, टाळ-चिपळ्या, आणि शब्दांमधले स, श, फ, थ, ख. स्वरांत आवाजाचा जोर असतो आणि व्यंजनांत अर्थ, आणि व्यंजनांचा बराचसा भाग २००० च्या वर असतो म्हणून आवाज येतो पण शब्द विरघळतात. सिस्टिमचा दोष नाही आणि डोक्याचाही नाही.

आता करायचं काय. ४००० ला ६५ गेलेत म्हणून तिथं ६५ चढवायचे असं अजिबात नाही. मशीनवाल्यांकडे १९४४ पासून एक ढोबळ नियम चालत आलाय, जेवढं गेलंय त्याच्या साधारण निम्मं परत द्यायचं, आणि स्पीकरवर तर त्याहूनही हात आखडता ठेवावा लागतो, कारण १० डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात अ‍ॅम्पला दहापट वॉट द्यावे लागतात आणि ट्वीटरची, म्हणजे वरचे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, बारीक तार ते सोसत नाही, जळते. माझा एक ट्वीटर असाच गेलाय. म्हणून २५०० ते ४००० या पट्ट्यात ५-६ डेसिबल, बास. अ‍ॅम्पवरचं ट्रेबलचं बटण तुम्हाला फार उपयोगाचं नाही, ते बहुतेक अ‍ॅम्पला १०००० च्या आसपास सगळ्यात जास्त उचलतं आणि तिथं तुमच्याकडे ऐकणारं कोणी उरलेलं नाही. इक्वलायझर घ्या, स्वतंत्र डबा घ्या नाहीतर फोनवरून गाणी लावत असाल तर त्यातल्या अ‍ॅपमध्ये, ज्यात पट्टा आणि रुंदी दोन्ही निवडता येतात. आणि एकदम ६ नका लावू. पहिल्या आठवड्यात २, मग ४. मेंदूला इतक्या वर्षांनी तो आवाज परत मिळतो, सुरुवातीला कर्कशच वाटणार, तिथंच लोक कंटाळून बंद करतात.

त्याआधी मात्र एक फुकटचं काम करा. खालचा आवाज कमी करा. खर्जाचा धमाका वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो आणि आपल्यासारख्यांना ते जास्तच झाकलं जातं. तुमचे उभे स्पीकर कोपऱ्यात ढकललेले असतील (पुण्याच्या हॉलमध्ये दुसरीकडे जागा असते कुठं) तर भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढं ओढा, कोपरा खर्ज फुगवतो. मग स्वतःची खुर्ची पुढं आणा. १२ फुटांवर बसत असाल तर ६ फुटांवर बसा, अंतर निम्मं झालं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि भिंतींवरून आपटून येणारा तेवढाच राहतो. शब्द सुटे व्हायला लागतात ते इथं. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, वरचे आवाज सरळ रेषेत जातात, बाजूला पसरत नाहीत. खाली टाइल्स असतील तर मध्ये जाड सतरंजी अंथरा, समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा.

आणि अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे, तर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या काळातली गाणी मुद्दाम काढून ऐका, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर. त्या तबकड्यांत मुळातच ५-६ हजारांच्या वर फारसं काही नाही, विजेच्या मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं तेच १९२५ च्या सुमारास, आणि त्याआधी भोंग्यात तोंड घालून गायचे तेव्हा तर त्याहून कमी. म्हणजे तिथं २० वर्षांच्या पोराचा कान तुमच्यापेक्षा पुढं असतो, पण नव्या रेकॉर्डिंगला असतो तितका पुढं नसतो. गाणारे लोक मात्र त्या अरुंद पट्ट्यात सगळं ओतून गेलेत. मी पहिल्यांदा हे लक्षात घेऊन ऐकलं त्या संध्याकाळी बायकोला हाक मारून बोलावलं होतं, बघ म्हटलं, इथं मला काहीच कमी पडत नाहीये.

प्रश्न: वय ५५, सौम्य श्रवणदोष. हाय-रेझोल्यूशन, २४ बिट १९२ किलोहर्ट्झवाला डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करून देणारा डबा) घेतला तर गेलेला ट्रेबल परत येईल का? दुकानदार हो म्हणतोय. (ठाणे)

उत्तर: नाही येणार. साध्या सीडीतही २० हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं असतं, तरुण निरोगी कानाची हद्द तेवढीच. १९२ मध्ये जे जास्तीचं येतं ते त्याच्याही वर. त्या पैशात नीट ऑडिओग्राम करून घ्या आणि उरलेल्यात पडदे शिवा.

प्रश्न: आमच्या ह्यांना (वय ६३) गाण्याचं वेड. गेल्या दोन-तीन वर्षांत आवाज इतका वाढवतात की शेजारी दोनदा येऊन गेले. मी मोठ्यानं बोलले नाही तर 'काय, काय' करतात आणि मोठ्यानं बोलले की 'ओरडतेस कशाला' म्हणतात. कान तपासायला तयार नाहीत, म्हणतात मला गाणं ऐकू येतंय ना. मी काय करू? (नागपूर)

उत्तर: वहिनी, ते 'ओरडतेस कशाला' तुमच्यावरचा राग नाहीये. मला माहितीये ऐकताना तसंच लागतं मनाला, माझ्या घरीही यावरून बरंच झालंय. पण कानाच्या आत खरोखर तसंच होतं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या पेशींच्या रांगा. बाहेरच्या रांगांमध्ये प्रत्येक कानाला साधारण १२ हजार पेशी, आणि त्यांचं काम बारीक आवाज उचलून द्यायचं. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग बारीक आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि कानठळ्या बसणं यांच्यामध्ये निरोगी माणसाकडे लांबलचक अंगण असतं, ह्यांच्याकडे आता अरुंद बोळ उरलाय. तुम्ही आवाज थोडा चढवला की बोळ संपतो.

म्हणूनच आवाज वाढवून त्यांचं काम होत नाही. जिथं कान शाबूत आहे तिथंही तेवढाच वाढतो, खर्ज गडगडतो, शेजारी येतात, आणि त्यांना हवी असते ती स्पष्टता काही येत नाही, मग अजून वाढवतात. त्यात राहिलेल्या पेशी जातात ते वेगळंच. अमेरिकेत कामाच्या जागेसाठी निओश या सरकारी संस्थेनं सुचवलेली मर्यादा आहे ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला पाव तास. घरच्या ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असं धरते. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या (अगदी तंतोतंत नसतं, अंदाज येतो) आणि ते ऐकत बसलेत त्या खुर्चीवर धरून आकडा त्यांनाच वाचू द्या. वाद घालू नका. आकड्याशी माणूस भांडत नाही.

तपासणीला न्यायचं तर 'तुम्हाला ऐकू येत नाही' या वाक्यानं नेऊ नका, कोणी येत नाही त्या वाक्यानं. 'गाण्यातलं काय काय तुमच्याकडून निसटतंय ते बघून येऊ' असं म्हणा, गाणंवेड्याला ते लागू पडतं. वरचा खुर्ची पुढं आणायचा उपाय त्यांनाही सांगा, त्यानं आवाजाचं बटण आपोआप खाली येतं.

आणि हे सगळ्यांसाठीच लिहून ठेवतो. हळूहळू कमी होणं वेगळं, पण एके सकाळी उठल्यावर एका कानानं एकदम येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न: काका, मी २४ वर्षांची. लहानपणी गालगुंड झाले त्यात उजवा कान पूर्ण गेला, डावा एकदम छान आहे. पहिल्या पगारातून चांगला साउंड घ्यायचाय, पण मित्र म्हणतात स्टिरिओच कळणार नसेल तर कशाला. हेडफोनमध्ये तर अर्धी वाद्यं गायबच होतात. (कोल्हापूर)

उत्तर: घे गं बाळा, बिनधास्त घे.

गायब होणारी वाद्यं आजच परत आण. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघड, त्यात 'मोनो ऑडिओ' असतं, आयफोनमध्येही आणि अँड्रॉइडमध्येही. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचं मिळून एकाच कानात येतं. हे इतकं साधं आहे आणि कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं, एका वाचकानं मागं लिहिलं होतं की एका आवडत्या गाण्यात सतार आहे हे त्याला १९ व्या वर्षी कळलं.

मित्रांना सांग, स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्याच १९५८ च्या सुमारास, आपल्याकडे रुळल्या त्याही नंतर. १९५० च्या दशकातली सगळी हिंदी-मराठी सिनेमाची गाणी मोनोत रेकॉर्ड झालीत आणि लोकांनी ती एकाच स्पीकरच्या रेडिओवर जीव ओतून ऐकलीत. तू जे गमावतेस ते डावी-उजवी बाजू. खोली गमावत नाहीस. गायक जवळ आहे की लांब, हॉल मोठा आहे की छोटा, हे घुमण्यावरून कळतं आणि त्याला एक कान पुरतो. डोळे मिटून सतार ऐक, नखीचा टिचका जवळ आणि त्याचा घुमारा मागं, हे तुला आत्ताही ऐकू येत असणार.

खरेदीत तुझा फायदाच आहे. दोनाच्या पैशात एक उत्तम स्पीकर घे, चांगला मोठा वूफर असलेला. सगळा आवाज एकाच स्पीकरमध्ये आणायचा तर मोनोचं बटण असलेला अ‍ॅम्प बघ, जुन्या अ‍ॅम्पना ते हमखास असायचं, नसेल तर फोनमधलं मोनो आहेच. दोन स्पीकर आधीच घरात असतील तर लाल-काळ्या वायरी दोन्हीकडे सारख्या लागल्यात ना ते तपास, एक जरी उलटी असेल तर मोनोत खर्ज पातळ होऊन जातो. बसताना उजवा कान भिंतीकडे, डावा खोलीकडे.

फक्त त्या डाव्या कानाला जप. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून जाताना खिशात इअरप्लग ठेव, मैत्रिणी काय म्हणतील ते म्हणू देत. तुझ्याकडे दुसरा नाहीये.

प्रश्न: मी ५९ वर्षांची, गाणं शिकवते. गेल्या महिन्यात दोन्ही कानांना चांगली महागाची मशीन घेतली. बोलणं सुरेख ऐकू येतं, नातवाचं बोबडं बोलणंसुद्धा. पण तानपुरा लावला की थोड्या वेळात तो मागं मागं सरकत जातो, आणि घरच्या सिस्टिमवर बासरी लावली तर लांब सूर थरथरतो, मधूनच त्याच्याखाली दुसराच सूर ऐकू येतो. मशीन काढलं तर सगळं धूसर. मशीनवाले म्हणाले, सवय होईल. ज्या गावात तानपुरे बनतात तिथं बसून मला तानपुरा ऐकू येऊ नये, रडू आलं हो. (मिरज)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सवय होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही, कारण मशीन बिघडलेलं नाहीये, ते बोलण्यासाठी लावलंय आणि ते गाण्यालाही बोलणंच समजतंय.

बोलणं सारखं तुटत असतं, वर-खाली होतं. न तुटता एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, मिक्सर, रस्त्यावरची रहदारी, असं मशीनला शिकवलेलं असतं. तानपुरा तर न तुटणं हेच त्याचं काम. मशीन काही सेकंद ऐकतं, ठरवतं की हा पंखा, आणि दाबत जातं. बासरीचं दुसरं. मशीनमधून कधी कधी शिट्टी वाजते ना, ती दाबायला आत एक यंत्रणा असते, आणि तिला लांब, स्वच्छ, एकट्या सुराची शिट्टी आणि बासरीचा पंचम यातला फरक कळत नाही, मग ती उलटा आवाज सोडते आणि तो सूर थरथरतो. खाली दुसराच सूर येतो तो एक तर यातलाच, नाहीतर वरचे आवाज खाली ओढून आणायची सोय चालू असेल तर तिचा. बोलण्यात 'स' कळावा म्हणून ती असते, पण उपस्वर जागचे हलले की गाणं बेसूर झालंच.

तेव्हा परत जा आणि मशीनमध्ये वेगळा म्युझिक प्रोग्रॅम भरून मागा, बोलण्याचा आहे तसाच राहू दे. त्यात नॉइज रिडक्शन बंद, शिट्टी दाबणारं बंद किंवा अगदी सौम्य, आवाज खाली ओढणारं बंद, माइक चारी बाजूंनी ऐकणारा, आणि कम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठा आवाज एकसारखा करणारं, शक्य तेवढं हलकं. ही यादी फोनमध्ये मराठीतच लिहून न्या.

आणि तानपुरा घेऊन जा. खरंच. मी ११ वर्षांपूर्वी पहिल्या ठिकाणी हे बोललो तर म्हणाले मशीन भाषेसाठी असतं, गाण्यासाठी नाही. दुसरीकडे एक तरुण ऑडिओलॉजिस्ट मुलगी भेटली, तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं पण ऐकून घेत होती. मी छोटा स्पीकर आणि तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग नेलं होतं. टेबलावर स्पीकर ठेवला, तिनं मशीन वायरनं कॉम्प्युटरला जोडलं. पंचम, जोड, जोड, खर्ज. सहा-सात सेकंदांनी नेहमीसारखा मागं जायला लागला, मी हात वर केला. तिनं स्क्रीनवरची एकच खूण काढून टाकली. आणि तानपुरा थांबला जागेवर. गेलाच नाही. खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो ना, तो मला कितीतरी वर्षांनी ऐकू आला, अगदी पुसट, पण होता. ती विचारत होती, काही फरक पडला का, आणि मला बोलता येईना.

तो गंधार कुठून येतो ते तुम्हाला सांगायला नको, घोडीची रुंद पाठ आणि जिवारीचा दोरा, तारेखाली सरकवतात तो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय, की तार जिथं छेडली तिथं जो उपस्वर नियमानं उमटायलाच नको तोही तानपुऱ्यात उमटतो. काळी पाचचा तानपुरा असेल तर खर्जाची तार ११७ हर्ट्झच्या आसपास, आणि तो गंधार तिच्या पाचपट, म्हणजे ५८० ला. ही जागा बहुतेक कमी ऐकणाऱ्यांकडे शिल्लक असते. जिवारीची वरची चमक थोडी गेलेली असेल तर तुम्ही दोरा नेहमीपेक्षा केसभर सरकवून बघा, स्वतःच्या कानाला खुलेल तिथं. शिष्यांना वेगळं वाटलं तर वाटू दे.

घरच्या सिस्टिमसाठी दोन गोष्टी. ब्लूटूथवरून थेट मशीनमध्ये गाणी घेत असाल आणि मशीनची कानातली टोपी जाळीची, उघडी असेल तर खर्ज कानातून बाहेर गळून जातो, गाणं पातळ लागतं. त्यापेक्षा स्पीकर लावा आणि म्युझिक प्रोग्रॅमवर ऐका, खर्ज उघड्या टोपीतून थेट आत येतो आणि वरचं मशीन देतं. आणि समोर बसून बैठक ऐकायला जाल, तिथं तबला जोरात असतो, मशीनचा माइक तो पेलत नाही आणि आवाज फाटतो. तेव्हा माइकच्या बारीक भोकांवर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, साधारण १० डेसिबल कमी आत जातं आणि फाटणं थांबतं. घरी आल्यावर काढायला विसरू नका, नाहीतर नातू काय म्हणतो ते कळायचं नाही.

प्रोग्रॅम भरून झाला की क्लिनिकमध्येच एका शिष्येला छेडायला बसवा, तिला म्हणावं बोलू नकोस, थांबू नकोस, आणि तुम्ही घड्याळ लावून दोन मिनिटं ऐका. खर्ज दोन मिनिटांनी पहिल्याइतकाच असेल तरच उठा तिथून. मागं सरकला तर पुन्हा बसा, आणि तरी जमलं नाही तर प्रोग्रॅममध्ये काय चालू आणि काय बंद ठेवलंय त्याचा फोटो मला पाठवा, मी त्या मुलीला दाखवून विचारतो.